पडदा आणि प्रश्न

न्यायालयांचे निर्णय निबंध म्हणून वाचण्याची चाल आपल्याकडे फारशी नाहीं. वकील ते आधारासाठीं चाळतात. इतर सुशिक्षितांस वर्तमानपत्रांतून निकाल तेवढा कळतो. परंतु कांहीं निर्णयांतील युक्तिवाद आणि त्याची भाषा हीं दोन्ही सावकाश पारखून घेण्यासारखीं असतात. रांचीच्या राजेंद्र वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रकरणीं सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालीं दिलेला निर्णय हा त्यांपैकीं एक होय. तो मुंबई उच्च न्यायालयांतून दिल्लीस गेलेल्या न्यायमूर्ति पालेकरांनीं लिहिला. ज्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप आला त्या विद्यार्थ्याचें म्हणणें विद्यालयानें किती आणि कसें ऐकून घ्यावें, हा त्यांतील प्रश्न आहे. आणि घरांतील मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांत जात असेल, त्या प्रत्येक घराचा तो प्रश्न आहे.

प्रकरण १९७२ मधलें. कांहीं विद्यार्थी रात्रीं विवस्त्र स्थितींत मुलींच्या वसतिगृहाच्या आवारांत शिरले, खिडकीशीं जाऊन एकीचा हात ओढूं लागले, आणि त्यांतले कांहीं नळावरून चढून गच्चीवर गेले. तेथें मुली अभ्यास करीत होत्या. आरडाओरडा झाला, मुलगे पळाले. छत्तीस मुलींनीं प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. चौघांना ओळखल्याचें सांगितलें. प्राचार्यांनीं तीन अध्यापकांची समिति नेमली. तिनें मुलींच्या जबान्या घेतल्या, पण आरोपींच्या गैरहजेरींत. त्या चौघांचीं छायाचित्रें इतर अनेक छायाचित्रांत मिसळून मुलींपुढें ठेवलीं, व मुलींनीं तीं निवडून काढलीं. नंतर मुलग्यांना बोलावून आरोप समजावून दिला. आम्ही त्या वेळीं आमच्याच वसतिगृहांत होतों, असें ते म्हणाले. समितीनें दोषी ठरवलें, दोन वर्षांसाठीं नांवें कमी झालीं, पाटण्याच्या उच्च न्यायालयानें अर्ज फेटाळला, आणि सर्वोच्च न्यायालयानेंही अपील फेटाळलें.

निर्णयाचा उत्तम भाग तो, जेथें न्यायमूर्ति मुलींची भीति तराजूंत घालतात. मुलग्यांसमोर उभें करून बोला म्हटलें असतें तर एकही मुलगी बोलली नसती. बोलली असती तर उद्यां रस्त्यांत तिला गांठलें असतें, आणि महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर प्राचार्यांचा हात पोंचत नाहीं. नैसर्गिक न्यायाचे नियम सर्व परिस्थितींत एकाच सांच्यांतून काढतां येत नाहींत, असें येथें जें सांगितलें तें केवळ पुस्तकी नव्हे; त्यामागें रांचीच्या त्या वसतिगृहाची रात्र आहे. छायाचित्रें मिसळून दाखविण्याची समितीची दक्षताही वाखाणण्याजोगी आहे. पुष्कळ समित्यांस एवढेंही सुचत नाहीं. अशा समितींत बसण्याचा प्रसंग प्रस्तुत लेखकावर आलेला आहे, आणि ‘हा मुलगा तसा वाटतोच’ हें वाक्य त्यानें पहिला कागद वाचला जाण्यापूर्वींच ऐकलेलें आहे.

पण याच परिच्छेदांत एक शब्द खटकतो. मुली कोणासमोर बोलावयास धजल्या नसत्या हें सांगतांना निर्णय आरोपींना दुष्कर्मी या अर्थाच्या शब्दानें संबोधतो. दुष्कर्म त्यांनींच केलें कीं नाहीं, हेंच तर ठरावयाचें होतें! ठरवण्याची पद्धति योग्य होती कीं नाहीं, याची चर्चा करतांना निष्कर्ष आधींच विशेषण होऊन बसला. हा केवळ शैलीचा दोष मानून सोडून देतां येईना, कारण पुढचा युक्तिवाद त्या शब्दाच्या खांद्यावर उभा आहे. समोरचा दुष्कर्मी असेल तर त्याला प्रश्न विचारूं देणें म्हणजे छळाला आणखी एक संधि देणें होय. तो कदाचित् निर्दोष असेल तर त्याच प्रश्नाचें मोल निराळें होतें.

येथें कोणी असें समजूं नये कीं, मुली खोटें बोलल्या असाव्यात अशी आमची शंका आहे. छत्तीस मुली मिळून असली कहाणी रचतील, हें संभवत नाहीं. प्रकार घडला याविषयीं शंका नकोच. पण प्रकार घडणें निराळें आणि अमुक चौघांनींच तो करणें निराळें. गच्चीवर अभ्यासापुरता उजेड होता. तो नळाच्या टोंकापर्यंत पोंचत होता काय? चेहरा कितीशा अंतरावरून, किती वेळ दिसला? चौघांनाही प्रत्येकीनें पाहिलें, कीं एकीनें नांव घेतल्यावर इतरींना तें पटलें? प्रामाणिक साक्षीदाराचाही डोळा चुकतो. हे प्रश्न विचारण्यासाठीं आरोपी समोर असावा लागत नाहीं. त्यानें ते लिहून द्यावे, अध्यक्षानें अपमानकारक तेवढे गाळून बाकीचे पडद्याआड विचारावे, उत्तरें नांवांवांचून त्याला कळवावीं. भीतीमुळें पडदा आवश्यक झाला, हें निर्णयानें सिद्ध केलें. पडद्यामुळें प्रश्नही अनावश्यक झाले, हें मात्र त्यानें गृहीत धरलें.

ही वाट अगदींच कल्पनेंतली नव्हे. अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठाच्या एका प्रकरणीं तेथील संघीय अपील न्यायालयानें २०१८ सालीं असें ठरवलें कीं, निकाल कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा यावरच अवलंबून असेल तेथें उलटतपासणी हवीच. परंतु ती आरोपीनें जातीनें करावी असें नाहीं, त्याच्या प्रतिनिधीनें केली तरी चालेल. तेथील अशा सुनावण्यांत वकिलांची जी गर्दी होते ती आपल्याकडे यावी, असें मला मुळींच वाटत नाहीं. तत्त्व तेवढें घेण्याजोगें आहे.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे विनियम २०१६ मध्यें प्रसिद्ध झाले. तक्रारीची प्रत सात दिवसांत आरोपीला द्यावी, त्यानें दहा दिवसांत उत्तर द्यावें, चौकशी नव्वद दिवसांत संपवावी, अहवाल उभय पक्षांस द्यावा, अपिलास तीस दिवस असावेत, प्रकरण विद्यार्थ्यांचें असल्यास समितींत निवडून आलेले तीन विद्यार्थीही असावेत. हें सर्व त्यांत आहे. १९७२ च्या मुलग्यांना यांतलें फारच थोडें मिळालें होतें. साक्षीदाराला प्रश्न कोणीं आणि कसे विचारावेत, याची तपशीलवार रीत मात्र या विनियमांनीं घालून दिलेली नाहीं. तेथें येऊन थबकलेली समिति बहुधा रांचीच्या निर्णयाकडे वळते. तिनें त्यांतला पडदा जरूर घ्यावा, आणि आरोपीची प्रश्नावली आंत पाठवण्यापुरती त्याला फट ठेवावी.