डोळे पुष्कळ, तपासणारे थोडे

एरिक रेमंड यांनी १९९७ साली 'द कॅथीड्रल अँड द बझार' हा निबंध सादर केला. ज्यांची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते, अशा 'ओपन सोर्स' प्रणालींची चर्चा निघाली की आजही त्याचा आधार घेतला जातो. निबंधाचे प्रतिपादन थोडक्यात असे : मूठभर तज्ज्ञांनी बंद दाराआड उभारलेल्या प्रणालीपेक्षा, बाजारासारखी उघड्यावर अनेकांच्या हातांनी घडणारी प्रणाली सरस ठरू शकते, कारण पाहणारे पुरेसे असले की चुका लपून राहत नाहीत. लिनक्सची वाटचाल आणि स्वतःच्या 'फेचमेल'चा अनुभव यांवरून लेखकाने हे मांडले आहे. वापरणाऱ्यांना सहकारी मानावे, हा त्यातील विचार आम्हाला मोलाचा वाटतो.

मात्र एक भेद निबंधात पुसट राहतो. चूक जाणवणे वेगळे आणि दुरुस्ती तपासणे वेगळे. प्रोग्रॅम बंद पडला तर हजारो लोक तक्रार करतात. परंतु नव्याने आलेली आज्ञावली ओळ न् ओळ वाचून, अद्याप कोणालाही न बोचलेला दोष शोधणे कष्टाचे असते. ते करणारे थोडेच.

याचे बोलके उदाहरण ओपनएसएसएलचे. इंटरनेटवरील संदेश गुप्त राखणाऱ्या या प्रणालीत २०११ च्या डिसेंबरअखेर एक भर स्वीकारली गेली. समोरच्या संगणकाने सांगितलेली संदेशाची लांबी खरी आहे का, याची पडताळणी तीत नव्हती. त्यामुळे एका खेपेस संगणकाच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा मजकूर परक्याच्या हाती जाऊ शकत असे. स्वीकारण्यापूर्वी ती भर तपासली गेली होती, तरी दोष निसटला. कोणाचे काम अडत नसल्याने तो कोणाला जाणवलाही नाही. 'हार्टब्लीड' या नावाने तो जाहीर झाला एप्रिल २०१४ मध्ये. दोन वर्षांहून अधिक काळ आज्ञावली सर्वांसमोर उघडी होती. बारकाईने वाचणारे नव्हते.

बाजारात माल मांडला म्हणजे गिऱ्हाईक येतेच असे नाही. निबंध वाचून उत्साहाने कामाला लागलेला विद्यार्थी, आपली दुरुस्ती पडून राहिली की खट्टू होतो. त्याला लिनक्सच्या मार्गदर्शक सूचना अधिक उपयोगी पडतील. एका दुरुस्तीत एकच बदल असावा; तो का हवा हे स्पष्ट लिहावे; त्या भागाची जबाबदारी कोणाकडे आहे हे पाहून त्यांच्याकडे पाठवावा; उत्तर न आल्यास किमान आठवडाभर थांबून मगच आठवण द्यावी. यात शिष्टाचारापेक्षा तपासणाऱ्याचा वेळ वाचवण्याचा विचार अधिक आहे. तेथे लिहिणाऱ्याबरोबर तपासणाऱ्याचे नावही दुरुस्तीसोबत नोंदवण्याची प्रथा आहे. आमच्या मते या प्रथेला निबंधातील तत्त्वाइतकेच महत्त्व आहे.

शिक्षकांनी हा निबंध वरच्या वर्गांना अवश्य वाचायला द्यावा. त्यासोबत विद्यार्थ्यांना एकमेकांचे प्रोग्रॅम तपासायला लावावेत आणि लिहिण्याइतकेच गुण तपासण्यालाही ठेवावेत.