घुमटाचा नाद बोईसरात

आपले मंडळ कसे उभे राहिले, हे सभासदांना नव्याने सांगायला नको. १९६९मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे कारखाने वाढले आणि गोवा, सावंतवाडी, दोडामार्गातली माणसे नोकरीसाठी इथे बोईसरला आली. येताना त्यांनी गणपतीतली घुमट आरतीही आणली, याचा आम्हांला सार्थ अभिमान आहे.

घुमट म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेले मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणायचे आणि लहान तोंड डाव्या तळव्याने झाकत-उघडत नाद घडवायचा. सोबतीला काठ्यांनी वाजणारे शामेळ आणि जड झांजा, म्हणजेच कासाळे. आपल्याकडे त्यावर आरती रंगते, तर गोव्यातले ख्रिस्ती बांधव त्याच घुमटावर व्हायोलिनच्या साथीने मांडो गातात. २०१९मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य ठरवले.

गेल्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री धो धो पाऊस होता. चामडी सैल पडलेली. मुलांनी ती शेगडीवर शेकून घेतली. मंडळातल्या एका काकांनी संथ लयीत आरती उचलली, बायकांनी ध्रुवपद झेलले आणि हळूहळू लय चढत गेली. कामाच्या दुसऱ्या पाळीहून परस्पर आलेल्या एका भावाने गणवेशातच शामेळाच्या काठ्या हाती घेतल्या. शेजारची बिहारी, तमिळ कुटुंबे दारात उभी राहून टाळ्यांनी साथ देत होती. तशी आरती गावीही क्वचितच ऐकायला मिळते.

हे टिकले ते या काकांमुळे आणि दर वर्षी गावाहून रेल्वेतून घुमटे मांडीवर सांभाळत आणणाऱ्या मावशींमुळे. नाव छापू नका, असा दोघांचाही आग्रह आहे. पण ही दोघे नसती, तर बोईसरात घुमट वाजलेच नसते!

तडजोडीही झाल्या. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. कायद्याने तिला संरक्षण दिले, तेव्हा बकऱ्याचे आले. आवाज थोडा बदलला, पण जीव वाचला, हे योग्यच झाले. सलते ते वेगळेच. पाळीच्या घाईत आरत्या कापल्या जातात, फाग आणि चंद्रावळ हे प्रकार तर मागेच पडले. मुले म्हणतात, ठेका मोबाइलवर लावू. पण मोबाइल गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही. गाणाऱ्याचा श्वास पुरला नाही, तर मोबाइल थांबत नाही. चामडे बदलले तरी घुमट आरती उरते; वाजवणारा हात गेला, तर उरत नाही.

पालकांनो, श्रावणापासून दर रविवारी तालीम आहे. घरटी एक मूल पाठवा आणि त्याच्यासोबत स्वतःही या.