परक्या वास्तूचा जीर्णोद्धार

'हाफ-लाइफ' हा संगणकावरील खेळ १९९८ सालचा. व्हॉल्व्ह कंपनीने २००४ मध्ये स्वतःच केलेली त्याची डागडुजी चाहत्यांना रुचली नाही; म्हणून त्यांनीच फावल्या वेळात तो 'ब्लॅक मेसा' या नावाने नव्याने रचला व २०१२ मध्ये विनामूल्य दिला. नावातील 'सोर्स' हा शब्द मात्र कंपनीच्या सूचनेवरून गाळावा लागला. पुढे तिनेच विक्रीसही संमती दिली, याचे आम्हां वकिलांना नवल वाटते!

परंतु खरी अडचण कायद्याची नव्हे, विवेकाची. मूळ कृतीतील उणीव कोणती आणि स्वभाव कोणता? 'ऑन अ रेल' हे रेंगाळणारे प्रकरण या मंडळींनी छाटले, तर दुसऱ्या एका चाहत्याने छाटलेला भाग पुन्हा जोडून दिला! 'झेन' या परक्या विश्वातील शेवट मुळातच घाईत उरकलेला. तो त्यांनी मागे ठेवला आणि २०२० मध्ये पूर्ण केला. त्याचा आरंभ खरोखर देखणा आहे. पण 'इंटरलोपर' प्रकरणातील कारखान्याचे फेरे संपता संपत नाहीत. अन्यत्र मूळ आराखडा त्यांचा हात आवरीत होता. येथे आवरणारे कोणी उरले नव्हते.