स्वयंरोजगारी मृताचे उत्पन्न आणि न्याय्य भरपाई : न्यायालयीन भूमिकेची चिकित्सा

प्रस्तावना

रस्ता अपघातात मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या कुटुंबाला 'न्याय्य' वाटेल अशी भरपाई द्यावी, असे मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम १६८ सांगते. मृत व्यक्ती नोकरदार असेल तर वेतनपत्रक पुढे ठेवताच हिशेब सुरू होतो. मृत व्यक्ती स्वयंरोजगारी असेल तर हिशेबाच्या पहिल्याच ओळीत अडचण उभी राहते. पुण्यातील नारायण पेठ हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. केसरीवाड्याच्या या पेठेत छपाई, पुस्तकबांधणी, खाणावळ, शिवणकाम, रिक्षा अशा व्यवसायांवर जगणारी कुटुंबे आहेत. त्यांचे उत्पन्न खरे असते, पण ते कागदावर क्वचितच उतरते. अशा कुटुंबांच्या बाबतीत न्यायालयीन भूमिका कशी बदलत गेली आणि ती कोठे अपुरी पडते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

न्यायालयीन भूमिकेतील स्थित्यंतर

सरला वर्मा प्रकरणात (२००९) सर्वोच्च न्यायालयाने वयानुसार गुणक आणि अवलंबितांच्या संख्येनुसार वैयक्तिक खर्चाची वजावट निश्चित केली. निकालांतील मनमानी त्यामुळे बरीच कमी झाली, हे या निर्णयाचे श्रेय होय. मात्र भावी उत्पन्नवाढीचा लाभ कायम नोकरी असणाऱ्यांना देऊन स्वयंरोजगारी व्यक्तींना तो अपवादात्मक परिस्थितीपुरताच ठेवला गेला. संतोष देवी प्रकरणात (२०१२) या भेदावर प्रश्नचिन्ह उमटले. पुढे राजेश आणि रेश्मा कुमारी (दोन्ही २०१३) या निर्णयांत परस्परविरोधी सूर निघाले. अखेर प्रणय सेठी प्रकरणात ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने वाद मिटवला. स्वयंरोजगारी मृताचे वय चाळिशीच्या आत असल्यास ४० टक्के, ४० ते ५० असल्यास २५ टक्के आणि ५० ते ६० असल्यास १० टक्के वाढ धरावी, असे ठरले. कायम नोकरदारासाठी हेच प्रमाण अनुक्रमे ५०, ३० आणि १५ टक्के आहे. स्वतःच्या कष्टावर जगणाऱ्याचे उत्पन्न आयुष्यभर गोठलेले राहते, हे गृहीतक या निर्णयाने नाकारले. ही त्याची मोठी देणगी आहे.

टक्केवारी की मूळ उत्पन्न?

तथापि चर्चेचा सारा भर टक्केवारीवर राहिला. एक कल्पित उदाहरण घेऊ. नारायण पेठेतील ३८ वर्षांचा पुस्तकबांधणी कारागीर अपघातात मरण पावतो. पत्नी, दोन मुले आणि आई असे चार अवलंबित आहेत. म्हणून वजावट एक चतुर्थांश आणि गुणक १५. त्याचे मासिक उत्पन्न २०,००० रुपये मानले, तर ४० टक्के वाढीसह अवलंबित्वाची हानी ३७,८०,००० रुपये होते. नोकरदाराप्रमाणे ५० टक्के वाढ दिली असती तर ती ४०,५०,००० रुपये झाली असती. म्हणजे टक्केवारीतील भेदाची किंमत २,७०,००० रुपये. परंतु पुराव्याअभावी उत्पन्न १०,००० रुपयेच धरले, तर भरपाई १८,९०,००० रुपयांवर येते. येथे कुटुंब १८,९०,००० रुपये गमावते. याचा अर्थ असा की, घटनापीठाने जो प्रश्न सोडवला त्यापेक्षा न सोडवलेला प्रश्न सातपट मोठा आहे.

पुराव्याची विसंगती

या कारागिराचे वार्षिक उत्पन्न २,४०,००० रुपये आहे. आयकराच्या किमान मर्यादेखाली असल्याने विवरणपत्र भरण्याचे बंधन त्याच्यावर नाही. एक कायदा ज्या कागदातून त्याला मोकळे करतो, त्याच कागदाच्या अभावाची शिक्षा दुसऱ्या कायद्याखाली त्याच्या विधवेला होते. ही विसंगती न्यायालयाच्या ध्यानात आलेली नाही, असे नाही. सय्यद सादिक प्रकरणात (२०१४) भाजीविक्रेत्याकडून उत्पन्नाच्या लेखी पुराव्याची अपेक्षा करणे गैर मानले गेले. चंद्रा प्रकरणात (२०२१) किमान वेतनाची अधिसूचना हा एक मापदंड असू शकतो, एकमेव नव्हे, असे स्पष्ट झाले. किमान वेतन हा मजुरीचा तळ आहे; कुशल कारागिराच्या कमाईचा अंदाज म्हणून तो वापरणे तर्कदुष्ट ठरते.

विमा कंपन्यांची बाजूही दुर्लक्षण्याजोगी नाही. तोंडी विधानांवर विसंबल्यास फुगवलेले दावे येतील, ही भीती निराधार नव्हे. परंतु त्यावरचा उपाय चौकशी हा आहे, नकार नव्हे. कलम १६९ न्यायाधिकरणाला संक्षिप्त चौकशीची मुभा देते. कागद व पुठ्ठा खरेदीच्या पावत्या, जागेचे भाडे, वीजबिल, पतसंस्थेतील पिग्मी ठेव, मुलांचे शुल्क, मोबाइलवरून आलेली देयके यांतून उत्पन्नाचे चित्र उभे राहू शकते. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी द्यावयाच्या सविस्तर अपघात अहवालाच्या टप्प्यावरच ही माहिती गोळा झाली, तर कुटुंबावरील भार हलका होईल.

कुटुंबाचे श्रम

आणखी एक मुद्दा अस्पर्शित राहिला आहे. बांधणीच्या कामात कारागिराची पत्नी घड्या घालते, शिवते, चिकटवते. पण कमाई मात्र पतीच्या नावे मोजली जाते. तो गेल्यावर व्यवसाय बंद पडतो आणि तिचे श्रमही निष्फळ होतात. उलट, धंदा वारसांकडे राहिला आहे असे म्हणून भरपाईत कपात सुचवली जाते. कीर्ती प्रकरणात (२०२१) गृहिणीच्या श्रमांचे मोल मान्य झाले. घरगुती व्यवसायातील स्त्रीच्या श्रमांना तोच न्याय लावणे सुसंगत ठरेल.

निष्कर्ष

२००९ ते २०१७ या काळात न्यायालयाने स्वयंरोजगारी व्यक्तीचे भविष्य मान्य केले. तिचा वर्तमान मात्र अद्याप पुरेसा मान्य झालेला नाही. भरपाईच्या सूत्रात गुणक आणि टक्केवारी निश्चित आहेत, ज्या अंकाला ती लावायची तो अंक अनिश्चित आहे. व्यवसायनिहाय उत्पन्न ठरवण्याची मार्गदर्शक पद्धत तयार होत नाही, तोवर एकाच पेठेतील दोन सारख्या कुटुंबांना मिळणारी भरपाई कागदांच्या फाइलीवर अवलंबून राहील. तिला 'न्याय्य' हे विशेषण लावणे कठीण आहे.