हरपले ते काय?

'बगल्स' या इंग्लंडमधील संगीतमंडळींचे 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार' (१९७९) हे गीत सामान्यतः नभोवाणीचे मृत्युगीत मानले जाते. चित्र आले आणि अस्सल आवाज हरपला, असा त्याचा अर्थ लावतात. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेतील एमटीव्ही ही वाहिनी याच गीताच्या चित्रफितीने सुरू झाली, तेव्हा या अर्थावर जणू शिक्कामोर्तबच झाले.

आम्हांस हा अर्थ अपुरा वाटतो. ट्रेव्हर हॉर्न यांचा आवाज येथे मुद्दाम जुन्या रेडिओतून आल्यासारखा बारीक केलेला आहे. ज्या स्वरासाठी गीत झुरते, तोही यंत्रातूनच आलेला होता, याची कर्त्यांना पुरती जाण आहे. शिवाय गीतात बोलतो तो १९५२ साली रात्री जागून रेडिओ ऐकणारा एक श्रोता. हरपले आहे ते त्याचे काम. रेडिओ केवळ स्वर देई. मुद्रा श्रोत्याने कल्पावी. चित्रफीत मुद्राही देते, आणि श्रोत्याचा निव्वळ प्रेक्षक होतो.

पुणे आकाशवाणीवरील 'गीतरामायण' (१९५५-५६) ऐकताना ज्याने त्याने आपापला राम पाहिला, तो याच न्यायाने. नोकरीनिमित्त परप्रांती राहणाऱ्यांस मायबोली पुष्कळदा यंत्रातूनच ऐकावी लागते. यंत्राने अस्सलपणा नासतो असे मानले, तर त्यांच्यापाशी उरेल काय?

शीर्षक सारा दोष चित्राच्या माथी मारते, हा गीताचा उणेपणा होय. आशय मात्र त्याहून शहाणा आहे. स्वराचे अस्सलपण ऐकणाऱ्याच्या मनातही असते, आणि तेथे ते जपणे अद्याप आपल्या हाती आहे.