‘दिसते’ या क्रियापदाची मर्यादा : तारकानिर्मितीविषयक मराठी लेखनाच्या निमित्ताने

कळंब परिसरात, नारायणगावजवळील खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांपैकी १४ मध्यभागी असून उरलेल्या १६ तीन भुजांवर दूरवर पसरल्या आहेत. लोकव्यवहारातील ‘दुर्बीण’ हा शब्द आक्षेपार्ह नाही. परंतु त्याच्या पाठोपाठ ‘दिसणे’ हे क्रियापद शास्त्रीय मराठीत शिरले आहे, आणि तेथे ते घातक ठरते.

‘पाहणे’ कर्त्याची अपेक्षा करते. ‘दिसणे’ या क्रियापदाचा अनुभव घेणारा मात्र चतुर्थीत येतो, व ते पद गाळले तरी वाक्य पूर्ण भासते. ‘तारा दिसतो’ असे म्हटल्यावर कोणाला व कशाने, हा प्रश्न उरत नाही. शिवाय ‘यावरून असे दिसते की’ या प्रयोगात हेच क्रियापद अनुमानही वाहते. निरीक्षण आणि अनुमान यांतील सीमा त्यामुळे पुसली जाते.

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचे तारे धूलियुक्त दाट मेघांत जन्मतात. त्यांचे अतिनील प्रारण धूलिकण शोषतात व तापून ती ऊर्जा दूर-अवरक्त तरंगांत बाहेर टाकतात. वातावरणातील बाष्प हे तरंग अडवीत असल्यामुळे टाटा संस्थेने हैदराबादहून बलूनद्वारे १ मीटर व्यासाची दुर्बीण उंचावर पाठवून अशा प्रदेशांचे मापन केले. त्याच प्रदेशांतील आयनीभूत वायूचे रेडिओ प्रारण खोडद येथे टिपले जाते. म्हणजे एक साधन धुळीची ऊब मोजते, दुसरे मुक्त इलेक्ट्रॉनांची साक्ष घेते. तारा स्वतः दोहोंपुढे येत नाही. खोडदची प्रतिमाही तबकड्यांच्या ४३५ जोड्यांच्या संकेतांवरून गणिताने सिद्ध होते.

आता ‘अवरक्तात तारा दिसतो, रेडिओत दिसत नाही’ हे वाक्य तपासावे. उत्तरार्धाचे किमान तीन अर्थ संभवतात. ताऱ्याने अद्याप पुरेसा वायू आयनीभूत केला नसेल. वायू इतका दाट असेल की कमी वारंवारतेस तो स्वतःचेच प्रारण शोषून घेत असेल. किंवा उपकरणाची संवेदनक्षमता अपुरी पडली असेल. पहिला अर्थ ताऱ्याच्या वयाविषयी आहे, दुसरा वायूच्या घनतेविषयी, तिसरा केवळ उपकरणाविषयी. ६१० व १२८० मेगाहर्ट्झ येथील मापनांची तुलना दुसऱ्या शक्यतेचा निर्णय करू शकते. पण वाक्यातच वारंवारता नसेल, तर तुलना तरी कशाची करावयाची?

‘१२८० मेगाहर्ट्झला, अमुक मर्यादेपर्यंत, प्रारण आढळले नाही’ हे वाक्य लांब व रुक्ष आहे, हे मान्य करावे लागते. तथापि ज्या कळंब परिसरातील विद्यार्थ्याच्या शेजारी हे साधन उभे आहे, त्याला या विषयाची पहिली ओळख बहुधा मराठीतूनच होते. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांतील भेद त्या ओळखीतच हरवला, तर तो दोष भाषेच्या दारिद्र्याचा नव्हे, लेखकाच्या आळसाचा मानावा लागेल.