स्तंभ तोच, अर्थ कुणाचा?

चिन्हमीमांसा म्हटलं की आपली पोरं हात झटकतात. हे प्राध्यापकांचं काम, म्हणतात. पण मित्रहो, ज्याच्या पूर्वजांच्या गळ्यात मडकं अडकवलं आणि कमरेला झाडू बांधला, त्याला चिन्ह म्हणजे काय हे कुणी शिकवायला नको. मडकं पाण्याचं, झाडू झाडायचा. दोन्हीत विटाळ कुठाय? तो पेशवाईनं चिकटवला. चिन्ह आणि अर्थ यांचं नातं निसर्गाचं नाही, समाजानं लावलेलं असतं, असं सोस्यूर सांगतो. लावलेलं असतं म्हणूनच ते उखडताही येतं.

'मिथॉलॉजीज' (१९५७) या पुस्तकात रोलाँ बार्थ एका फ्रेंच साप्ताहिकाचं मुखपृष्ठ वाचतो. फ्रेंच गणवेशातला काळा तरुण सलाम ठोकतोय. दिसतं एवढंच. सांगायचंय मात्र वेगळं : आमचं साम्राज्य थोर, इथं भेदभाव नाही, काळी पोरंही आनंदानं चाकरी करतात.

आता हाच चष्मा लावून भीमा कोरेगावला चला. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनीनं स्तंभ उभारला तो आपल्या प्रेमापोटी नव्हे. स्वतःच्या फौजेची फुशारकी मिरवायला. त्यावर कोरलेली, 'नाक' लागलेली महार शिपायांची नावं त्या फोटोतल्या तरुणासारखीच साम्राज्याच्या कामाला जुंपलेली. पुढं त्याच इंग्रजांनी महारांची लष्करभरती बंद केली. नावं दगडावर राहिली, माणसं छावणीबाहेर.

१ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले. स्तंभाचा एक चिरा हलला नाही, पण अर्थ उलटला. कंपनी मागं सरली, 'नाक' पुढं आलं. फुशारकीचा दगड स्वाभिमानाचा झाला.

इथं बार्थ अपुरा पडतो. त्याच्या वाचनात तो तरुण मुकाच आहे. त्याची नातवंडं तो फोटो कसा वाचतील, हे बार्थ विचारत नाही. आपलं वाचन तिथूनच सुरू होतं.

इंग्रजांच्या विजयाला मानवंदना कशाला, असं विचारणारे अजून कंपनीनं लिहिलेलाच अर्थ वाचतायत. १ जानेवारी २०१८ ला तिथं जमलेल्या आपल्या माणसांवर दगड पडले. नुसत्या जुन्या खांबासाठी कुणी असं करत नाही. खांबाचा अर्थ आपण ठरवायचा, हेच सलत होतं.

पण उलटवलेलं चिन्ह परत उलटू शकतं, हेही ध्यानात ठेवा. फ्लेक्सवर पुढाऱ्याचं तोंड स्तंभापेक्षा मोठं झालं, डीजेच्या दणक्यात नावंच ऐकू येईनाशी झाली, की समजा, चिन्ह पुन्हा दुसऱ्याच्या चाकरीला लागलं. निळा रंग तोच, अर्थ मात्र मतांचा गठ्ठा. हे काम कंपनीनं केलं काय आणि आपल्याच माणसानं केलं काय, फरक कुठं पडतो?

तेव्हा कुठल्याही सोहळ्याला जाताना विचारा : हे कुणी उभारलं, कुणासाठी, आणि आज इथं बोलतंय कोण? अन् कोरेगावला गेलात तर सेल्फी नंतर काढा. आधी ती नावं वाचा. मोठ्यानं वाचा.